सुपाला बांधलेले अकरा दोरे

शालूबाई सांगलीला विश्रामबागेत आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या त्या म्हैस घेऊनच. माझ्या वहीत १९७६ सालच्या जूनमधली नोंद आहे: ‘ज्येष्ठ वद्य पंचमी. मागे बिऱ्हाड आले. आई, मुलगी, एक म्हैस. यांनी आधी विचारायला हवे होते.’ आमचे हे पाटबंधारे कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे कागद तपासायचे, पण भाडेकरूबरोबर म्हैस आहे का, हे विचारायचे त्यांना सुचले नव्हते.

मी लग्न झाल्यापासून रोज वही लिहिते. सकाळी पूजा आणि पोथी, मग स्वयंपाक, दुपारची भांडी झाली की वही. वर तिथी आणि खाली दिवसभराचे. कोण आले, काय केले, कोणाला काय बोलले. देवापुढे संध्याकाळी खरे सांगायचे तर दुपारी ते लिहिलेले बरे, असे माझे आपले.

शालूबाईंना लिहिता वाचता येत नव्हते. सासर वाळवा तालुक्यातले, कृष्णाकाठचे. घरी ऊस आणि मोठे खटले. नवरा ज्ञानू हवालदार पठाणकोटकडे फौजेत. माहेर औंधाजवळचे, त्यामुळे यमाईवर फार जीव. मुलगी एकच, पद्मा, तेरा वर्षांची. गावची शाळा सातवीला संपली तेव्हा तिला सांगलीत आठवीला घालायचे म्हणून ही बाई घरात तीन दिवस कोणाशी एक शब्द बोलली नाही म्हणे. शेवटी थोरले दीर नानासो यांनीच मान तुकवली. “जाऊ दे. झेपलं तर शिकंल, न्हाई झेपलं तर परत यायचं,” एवढ्या बोलीवर.

आणि ते झेपत नव्हते.

पद्मा गुणी पोर. पण शाळेतून आली की दप्तरासकट झोपायची. ऑक्टोबरच्या उकाड्यातही पांघरूण घ्यायची. तोंड सकाळी सुजलेले, आवाज जड, कंगव्यात केसांचा गुंता. चार चार दिवस पोट साफ नाही. बोलता बोलता शब्द शोधत बसायची, जणू लांबच्या खोलीतून आणायचा आहे. उंचीही आल्यापासून बोटभर वाढली नव्हती. मास्तरांनी आळशी म्हटले, वर्गातल्या मुलींनी ‘म्हैस’ म्हटले. हे ऐकून शालूबाई कमरेला पदर खोचून शाळेत गेल्या. काय बोलल्या ते मला पद्मानेच हसत सांगितले: “आमची म्हस येळेआधी बसली तर मी पाण्याची बादली टाकून तिच्याकडं पळती, का बसली बगाय. माझी पोर रोज बसतीया, तुमी कुणी इचारलंसा?”

आमच्या भागातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लाल औषधाची बाटली दिली. ती संपली, दुसरी संपली. नानासो गावाकडून देवऋषीचा अंगारा घेऊन आले. अंगारा लावला, बाटलीही चालू ठेवली. शालूबाईंना कशाचे वावडे नव्हते. पण त्या बघत राहिल्या. तसे बघणे मी दुसऱ्या कोणत्या आईत पाहिले नाही. धार काढून आल्या की आधी पोरीच्या पायाला हात लावायच्या, गार आहे का. जेवताना घास किती वेळ तोंडात फिरतो ते बघायच्या. मला म्हणायच्या, “काकू, मुक्या जनावराचं असंच बगावं लागतंय. ही बोलती हाय, पर हिला सोताचं काय हुतंय ते सांगता येत न्हाई. मग मुकीच की.”

मार्गशीर्षात एका सकाळी त्या माझ्या दारात आल्या. पद्माच्या गळ्यात दृष्टीचा काळा दोरा होता, यमाईच्या देवळात बांधलेला.

“ह्यो दोरा चैतात बांधला तवा त्यात माझी दोन बोटं जायाची. आज एक बी जात न्हाई.”

“मुलगी वाढतेय, शालूबाई.”

“तीच तर गोम हाय. रेडकाचं दावं आवळ झालं तर रेडकू वाढलं म्हणायचं. पर ही उंचीला वाढंना, अंगानं भरंना, आणि दोरा तेवढा आवळतोय. मग गळ्यातच काय तरी वाढतंय.”

मी तिच्या गळ्याकडे रोज बघत होते. श्लोक म्हणून घ्यायला ती माझ्यासमोरच बसायची. मला दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मिरजेला गेले. मोठ्या दवाखान्यातली गर्दी, नंबर, बाकावर तीन तास. डॉक्टर वयस्कर, मितभाषी. शालूबाईंनी दोरा मुद्दाम सैल केला नव्हता. बोट घालून दाखवले आणि रेडकाच्या दाव्याचे जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरांनी पद्माच्या मागे उभे राहून तिचा गळा चाचपला, पाणी गिळायला लावले, हातोडीने पाय उडतो का बघितले. तो उडाला, पण सावकाश, विचार करून उडाल्यासारखा.

“बाई, अर्धे काम तुम्ही करून आलात,” ते म्हणाले. रक्त मुंबईला पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. गळ्यातली थायरॉईड नावाची ग्रंथी काम करत नव्हती. अंगातला विस्तव जपणारी ग्रंथी, असे त्यांनी समजावले. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी. जन्मभर.

“जलमभर?” शालूबाईंनी एकदाच विचारले. मग म्हणाल्या, “बरं. जेवाण तरी जलमभरच लागतंय.”

परत येताना बसमध्ये त्यांनी तो आवळलेला दोरा दाताने तोडून कनवटीला लावला. घरी एक जुने सूप होते, त्याच्या काठाला तो बांधला. त्या पौषातल्या अमावस्येला नवा दोरा पद्माच्या गळ्याभोवती धरून, जेवढ्यास तेवढा तोडून, त्याच्या शेजारी बांधला. मग दर अमावस्येला एक. “तुमची वही हाय, ही माझी,” म्हणाल्या. सूप खोलीत खुंटीला टांगलेले असायचे.

गोळीने जादू केली. फाल्गुनापर्यंत पोर पांघरुणातून बाहेर आली. चैत्रात अंगणात लंगडी खेळताना मी तिला पहिल्यांदा पळताना पाहिले. सुपावरचे दोरे आखूड होत चालले. पद्मा नववीत गेली. शालूबाईंनी माझ्याकडून पठाणकोटला पत्र लिहून घेतले, त्यात एवढेच होते, “पोरगी पळती.”

ते १९७७ साल. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे दोन श्रावण. माझी तर पर्वणीच. रोज पोथी, कहाण्या, दान. पद्मा शाळेआधी माझ्या देवघरात येऊन बसायची, खणखणीत आवाजात कहाणी वाचायची. हाच आवाज वर्षापूर्वी जड होता, हे आठवून मला भरून यायचे.

पण पहिल्या श्रावणाच्या शेवटी तो परत जड झाला. दुसऱ्या श्रावणात तोंड सुजू लागले, पाय गार, पोर पुन्हा दप्तरासकट झोपू लागली. शालूबाई तिला मिरजेला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारले, “गोळी रोज घेते ना?”

“रोज,” शालूबाई म्हणाल्या. पद्माने मान हलवली.

डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. भाद्रपद उजाडला आणि भलतेच सुरू झाले. छातीत धडधड, हात थरथरायला लागले, झोप उडाली, घामाने चोळी भिजायची. डॉक्टर चक्रावले. “महिन्यापूर्वी एका टोकाला, आता दुसऱ्या. मला मेळ लागत नाही,” असे त्यांनी सरळ सांगितले. गोळी थोडी कमी केली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मनाचे दुखणे म्हटले. नवरात्रात पद्माने नऊ दिवस उपास धरला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत चक्कर येऊन पडली.

नानासो आले ते खांद्यावर उसाची मोळी घेऊन. मोठा, मनाचा हळवा माणूस. पुतणीसाठी आणलेला ऊस स्वतः सोलून देत बसले आणि सोलता सोलताच म्हणाले, “शालन, आता बास झालं. औषीद झालं, मिरज झाली. गोळीनं एकदा खाली एकदा वर, असं कुठं आजारपण असतंय व्हय? ही भाईरची बाधा हाय. दिवाळीत ज्ञानू रजेवर येतोय. त्येच्यासंगं पोरीला गावाकडं न्यायची. देवऋषी बगंल. आणि आष्ट्याचं एक ठिकाण बी हाय. पोरगी नांदाय लागली की सगळं आपोआप ठीक हुतंय.”

“दाजी, तिला पंधरा सरलं न्हाईत अजून.”

“तुला तरी कितवं व्हतं?”

“म्हनूनच म्हणती,” शालूबाई म्हणाल्या.

नानासो उसाचे करवे करत राहिले. “दिवाळीपातूर कारण सापडीव. सापडलं तर मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई सापडलं तर बैलगाडी घिऊन मीच येतो.” दिवाळीला पंधरवडाच उरला होता.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही उघडून बसले होते, तर शालूबाई सूप घेऊन आल्या. पद्मा शाळेत होती. त्यांनी सूप जमिनीवर ठेवून दोरे एकेक करून सरळ केले. अकरा दोरे. पहिला लांब, मग उतरत उतरत सातवा, आषाढातला, सगळ्यांत आखूड. आठवा लांब. नववा त्याहून लांब. दहावा आणि अकरावा...

इथे मीच चुकतेय. पहिला तो मार्गशीर्षातला तोडलेला दोरा, त्यामुळे अकरावा भाद्रपदातला, मग लांब दोरे नववा आणि दहावा, आणि सगळ्यांत आखूड आठवा. वहीत मी त्या दिवशीही चुकीचे लिहून खोडले आहे. शालूबाई मात्र बोटाने मोजत नव्हत्या. त्यांना दोरा बघितला की महिना कळायचा.

“काकू, ह्ये दोन बगा. ह्या दोन्ही श्रावणांचं. आखाडात गळा एवढा, आणि म्हयन्यात एवढा? काय तरी आखाडाच्या अवसेपासनं बदललंय. चारा बदलला, पाणी बदललं, हात बदलला, त्याशिवाय म्हस दूध चोरत न्हाई. तुमी रोज लिवतासा. त्या अवसेपासनं पद्मीचं जे जे हाय ते वाचा. काय बी गाळू नका.”

मी पाने उलटली. आषाढ अमावस्या. दिव्यांची अवस. मी वाचायला सुरुवात केली. “सकाळी दिवे घासले. पद्मा मदतीला आली. कणकेचे दिवे तिने केले, छान झाले.” आणि मग पुढची ओळ दिसली आणि माझा आवाज थांबला.

ती ओळ मी गाळू शकले असते. समोरच्या बाईला अक्षर येत नव्हते. हे मनात आले, हे मी इथे लिहून ठेवते.

“काय झालं?” शालूबाईंनी विचारले.

मी वाचली. “‘पद्माला सहज बोलले, यांच्या कचेरीत एक जण सांगत होते, तुझी ती गोळी म्हणे जनावराच्या गळ्यातल्या ग्रंथीपासून करतात. उद्यापासून श्रावण, त्यातून अधिक. मी असते तर मला बाई घशाखाली उतरली नसती.’”

परड्यात म्हैस शेपटीने माशा वारत होती. मग शालूबाई हळूच म्हणाल्या, “म्होरं वाचा.” मी वाचत राहिले. पद्माने श्रावण धरला. पद्मा कहाणीला बसली. पद्माने नवरात्र धरले. प्रत्येक ओळीला त्या एकेका दोऱ्यावर बोट ठेवत गेल्या. सकाळी त्या परड्यात धारेला बसायच्या तेव्हा पद्मा खोलीत एकटीच गोळी घ्यायची, हे आम्हा दोघींनाही त्याच क्षणी आठवले असावे.

पद्मा शाळेतून आली. शालूबाईंनी आवाज चढवला नाही. नुसते सूप दाखवले. पोरीने दोरे बघितले, माझ्या मांडीवरची वही बघितली आणि ट्रंकेच्या तळातून पावडरीचा रिकामा डबा काढून आणला. आत गोळ्या होत्या. दोन श्रावणांच्या आणि नवरात्राच्या.

“मी यमाईला बोलले होते,” ती रडत म्हणाली. “दोन्ही श्रावण पवित्र पाळीन, मग मला गोळीच लागू नये. आई, जन्मभर नको मला. आणि काकूंना नसती उतरली, म्हणजे...”

शालूबाईंनी तिला जवळ ओढले. “अगं येडे, यमाईला ठावं न्हाई व्हय तुझ्या गळ्यात काय हाय ते? तिनंच तर दोरा आवळून मला दावलं.”

मी म्हणाले, “शालूबाई, माझ्या हातून...” त्यांनी मला मध्येच तोडले. “काकू, तुमी वाचलंसा. लिवलेलं हुतं तसं वाचलंसा. आता रडत बसायला येळ न्हाई, म्हस पान्हवलीया.” आणि खरेच चरवी घेऊन गेल्या. धार काढताना त्या रडल्या असतील का, ते मला माहीत नाही. दूध त्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरा आले, एवढे वहीत आहे.

मिरजेच्या डॉक्टरांनी सूप हातात घेऊन बराच वेळ बघितले. मग हसले. पूर्वी गोळी तशी करत, आता ही कारखान्यात रसायनांपासून करतात, जनावराचा संबंध नाही, असे त्यांनी मला मुद्दाम सांगितले. मी मान खाली घालून ऐकले. “पोटात गोळी नाही म्हणून सूज, मी घाईने दुप्पट केली आणि श्रावण सरल्यावर ती दुप्पट खरीच घेतली गेली, म्हणून धडधड. बाई, माझ्या कागदांवरून हे मला कधी कळले नसते.” गोळी पहिल्यासारखी एकच केली. मग विचारले, “हे सूप इथे ठेवाल का? शिकणाऱ्या पोरांना दाखवीन.”

“न्हाई बा,” शालूबाई म्हणाल्या. “अजून जागा हाय त्याच्यावर.”

दिवाळीत ज्ञानू हवालदार आले, काटक, कमी बोलणारे. मागोमाग नानासो बैलगाडी घेऊनच. शालूबाईंनी दोघांना चहा दिला आणि पाटावर सूप ठेवले. पदर सावरून, दिरासमोर मान थोडी खाली ठेवून, पण एक शब्द न गाळता सगळे सांगितले. माझी ओळही. मी उंबऱ्यात उभी होते.

नानासोंनी माझ्याकडे पाहिले. “म्हंजे ह्यांच्या बोलण्यानं पोरीचं हाल झालं! आणि तू तिला ह्यांच्याच शेजारी ठिवणार?”

“शेजारी न्हाई,” शालूबाई म्हणाल्या. “पाडव्यापासनं सकाळची गोळी काकूंच्याच हातनं. मी धारेला असती. पद्मीनं पयल्यांदा काकूंच्या देवघरात जायाचं, गोळी घ्यायची, काकूंनी बगायचं, मग पोथी. काकू जे बगत्यात ते लिवत्यात, आणि लिवलेलं खोटं वाचत न्हाईत. असा माणूस मला गावाकडं कोण हाय, दाजी?”

ज्ञानू हवालदारांनी आठव्या दोऱ्यावर बोट ठेवले, मग दहाव्यावर, मग परत आठव्यावर. “नाना,” ते म्हणाले, “कारण मागितलं हुतंसा. ह्ये काय हाय मग?”

नानासोंनी उठून गाडीतली मोळी उतरवली. “म्हशीला वैरण आणलीया,” म्हणाले. “गाडी रिकामी कशाला आणायची.” रिकामी न आणलेली ती गाडी रिकामीच परत गेली.

पद्मा पूर्ण बरी झाली असे मी लिहिणार नाही. गुडघे अजून दुखतात, पावसाळ्यात एखादा आठवडा ती उगाच मलूल होते, आणि त्याचे कारण मिरजेलाही सापडलेले नाही. शालूबाई त्याला भीत नाहीत. म्हणतात, “सापडंल. तवर दोरा चालू हाय.” त्या सुपाचा काठ भरला, आता दुसरे सूप झाले आहे. यंदा मार्चात पद्मा दहावीला बसली तेव्हा केंद्रावर जाण्याआधीही आधी माझ्याकडे आली.

माझ्या देवघरात आता कुंकवाच्या कोयरीशेजारी गोळ्यांची बाटली असते. दिवा लावायच्या आधी पद्मा येते, हात पुढे करते, मी गोळी ठेवते, ती पाणी पिते, तोंड उघडून दाखवते. मग पूजा. श्रावणातही, एकादशीलाही. आणि वहीत तिथीच्या खाली पहिली ओळ रोज तीच असते. आजचीही तीच आहे: ‘पद्माने गोळी घेतली. मी पाहिले.’